दुसरीसाठी एक माप, स्वतःसाठी वेगळं



"अगं, किती वाळलीस! आरशात दिसत नाही का तुला?" ज्या घरात ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारानं ग्रासलेली मुलगी असते, त्या घरात हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारला जातो. आई विचारते, मावशी विचारते, शेजारीण विचारते. प्रश्नामागं एक गृहीत असतं : हिची नजरच बिघडली आहे, हिला सगळं उलटंपालटं दिसतं. मग विचारणाऱ्या बाईच्या मनात आणखी एक शंका डोकावते, ती मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पस्तीस किलोची ही पोर स्वतःला जाडी म्हणते, तर सत्तर किलोच्या मला ती मनातल्या मनात काय म्हणत असेल?

न विचारलेला हा प्रश्न या संपादकीयासाठी आम्ही मुद्दाम निवडला आहे. एक तर तो घरातल्या बायकांच्या, विशेषतः आईच्या, जिव्हारी लागलेला असतो. दुसरं म्हणजे त्याचं उत्तर शोधायला निघालं की या आजाराबद्दलचे, आणि बाईच्या देहाकडे बघण्याच्या आपल्या सवयीबद्दलचेही, अनेक समज तपासून घ्यावे लागतात.

आधी आजाराविषयी थोडं. 'ॲनोरेक्सिया' या शब्दाचा मूळ अर्थ भूक नसणं. मराठीत त्याला क्षुधानाश असंही म्हटलं जातं. हे नाव फसवं आहे. या बाईची भूक बहुधा नष्ट झालेली नसते; ती रात्रंदिवस भुकेशी झगडत असते. वजन वाढेल ही धास्ती, खाणं कमी कमी करत नेणं, अनेकदा जोडीला अतोनात व्यायाम किंवा मुद्दाम काढलेल्या उलट्या, आणि धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेलं वजन, हे या आजाराचं नेहमीचं रूप. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी १८७३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचं वर्णन केलं. तेव्हा हे टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या जमान्यातलं नवं खूळ आहे असं म्हणता येत नाही. आजार पुरुषांनाही होतो. पण रुग्णांत बहुसंख्या मुलींची आणि तरुण स्त्रियांची आहे. आणि तो जीवघेणा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ साली जो निष्कर्ष काढला गेला, त्यानुसार या रुग्णांतील मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत जवळजवळ सहापट होतं, आणि मरण पावलेल्यांपैकी पाचातल्या एका व्यक्तीनं आत्महत्या केली होती. 'थेरं आहेत नुसती' असं म्हणून हा विषय उडवून लावणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता नजरेकडे वळू. नाझी राजवट येताच जर्मनी सोडून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी १९६२ साली असं मांडलं की, या आजाराच्या मुळाशी तीन गोष्टी असतात. स्वतःच्या देहाची विपर्यस्त प्रतिमा ही पहिली. भूक आणि थकवा यांसारख्या शरीराच्या हाका ओळखता न येणं ही दुसरी. आणि 'माझ्या हातात काहीच नाही' ही मन पांगळं करणारी जाणीव ही तिसरी. तिसऱ्या गोष्टीकडे आपण पुढं येऊच. पहिल्या गोष्टीबद्दल इंग्लंडमध्ये पीटर स्लेड आणि जेराल्ड रसेल यांनी १९७३ साली प्रयोग प्रसिद्ध केले. एका आडव्या पट्टीवर दोन दिवे सरकवता येतील अशी सोय करून त्यांनी रुग्ण स्त्रियांना सांगितलं, तुमचा चेहरा, छाती, कंबर, नितंब जेवढे रुंद आहेत असं तुम्हांला वाटतं, तेवढं अंतर या दिव्यांमध्ये ठेवा. त्यांनी ठेवलेलं अंतर प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त भरलं. लाकडी ठोकळ्यांची रुंदी मात्र याच स्त्रियांनी व्यवस्थित सांगितली. डोळ्यांत दोष नव्हता. पुढच्या काळात असंही आढळलं की, आजार नसलेल्या कितीतरी स्त्रियासुद्धा आपली कंबर आहे त्यापेक्षा रुंद समजतात. हेही ध्यानात ठेवायला हवं.

पण ठोकळा काही माणूस नव्हे. दुसऱ्या माणसाच्या देहाचं काय? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली याचा शोध घेतला. २५ रुग्ण स्त्रिया आणि २५ निरोगी स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. भिंतीवर दारासारख्या कमी-जास्त रुंदीच्या चौकटी प्रकाशानं दाखवल्या गेल्या आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले गेले. या दारातून अंग न वळवता तू सरळ जाऊ शकशील का? आणि खोलीतली ही दुसरी व्यक्ती जाऊ शकेल का? स्वतःच्या बाबतीत रुग्ण स्त्रियांचा अंदाज चुकला. ज्या दारातून त्या सहज पार झाल्या असत्या तेही त्यांना आपल्यासाठी अरुंद वाटलं. दुसऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र तशी चूक झाली नाही. नेदरलँड्समध्ये तर २०१३ साली स्त्रियांना प्रत्यक्ष दारासारख्या फटीतून चालायला लावून पाहिलं. निरोगी स्त्रिया खांद्यांपेक्षा २५ टक्के जास्त रुंद फटीपाशी खांदे वळवू लागल्या. रुग्ण स्त्रिया ४० टक्के जास्त रुंद फटीपाशीच वळवू लागल्या. आरशात बघून बोलण्याचा हा प्रश्नच नव्हता. चालता चालता अंगच वळत होतं.

तिसरी गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. जर्मनीत ट्युबिंगेन इथं संगणकाच्या मदतीनं प्रत्येक स्त्रीची तिच्याच मापाची हुबेहूब आकृती तयार केली गेली आणि ती आकृती जाड-बारीक करत तिला विचारलं गेलं, यातली तू कोणती? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्ण स्त्रियांनी आपली कृश आकृती बऱ्याच अचूकपणे ओळखली! फरक पडला तो पुढच्या प्रश्नाला. तुला कशी असायला आवडेल, असं विचारल्यावर त्यांनी जी आकृती निवडली ती आजारी म्हणावी इतकी बारीक होती. त्याच वर्षी जर्मनीतच झालेल्या आणखी एका अभ्यासात स्त्रियांना वेगवेगळ्या बांध्याच्या देहांची चित्रं दाखवली गेली. देह तोच, एकदा त्यावर बघणारीचा स्वतःचा चेहरा लावलेला, एकदा दुसऱ्या बाईचा. दुसऱ्या बाईचा चेहरा असताना जो साधारण किंवा थोराड देह ठीक वाटला, तोच स्वतःचा चेहरा लावताच कमी आकर्षक आणि जास्त चरबीचा वाटू लागला. आजार असलेल्या स्त्रियांत हा भेद ठळक होता. आजार नसलेल्या स्त्रियाही त्यातून पुरत्या सुटलेल्या नव्हत्या.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं की चित्र असं दिसतं. दुसऱ्याचा देह तिला बहुतांशी आपल्यासारखाच दिसतो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर त्याच आजाराची मुलगी असेल, तर तिची वर आलेली हाडं हिला दिसतात, हिचा जीव तिच्यासाठी तुटतो, 'तिला खाऊ घाला, ती मरेल' असं ही म्हणते. आपण त्याच वाटेवर आहोत हे मात्र तिला पटत नाही. बिघडलेली आहे ती मापाची पट्टी, आणि ती पट्टी तिनं फक्त स्वतःसाठी राखून ठेवली आहे. दुसरीला ती जे सहज माफ करते, किंबहुना ज्यात माफ करण्यासारखं काही आहे असंच तिला वाटत नाही, ते स्वतःच्या बाबतीत तिला गुन्हा वाटतं.

तेव्हा, सत्तर किलोच्या आईनं मनात धरलेल्या शंकेचं उत्तर : बहुधा नाही. ती तुम्हांला तसं बघत नाही. आपल्याला इतरांचे भरलेले देह छान, उबदार वाटतात, असं सांगणाऱ्या रुग्ण स्त्रिया पुष्कळ आहेत. 'तुझा कायदा सगळ्यांना लागू करून बघ' असं कोणी म्हटलं तर त्या गोंधळतात, कारण तो कायदा सगळ्यांसाठी नसतोच.

पण हे उत्तर इथंच थांबवलं तर ते अर्धवट राहील. तिला इतरांचे देह नीट दिसतात याचा अर्थ ती त्यांच्याकडे शांतपणे बघते असा नाही. बसच्या थांब्यावर, वर्गात, लग्नाच्या मांडवात तिची नजर सतत मोजमाप करत असते. कोणाचं मनगट बारीक, कोणाची कंबर बारीक, कोणी पानात किती वाढून घेतलं, कोणी किती टाकलं. या तुलनेत ती कधी जिंकत नाही, कारण शेजारच्या दहाजणींतली सर्वांत बारीक तेवढी ती निवडते आणि तिच्याशी स्वतःला ताडून पाहते. काही जणींना जाड देह पाहून भीती वाटते, शिसारीही येते. आणि असं वाटल्याबद्दल त्यांना स्वतःचीच लाज वाटते, म्हणून त्या ते कोणाजवळ बोलत नाहीत. हा भेद ओळखायला हवा. 'असे व्हायचं नाही' ही भीती, आणि 'असे असणारी माणसं वाईट' हे मत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आजाराची असते. दुसरं मत बहुतेक वेळा आपल्या समाजाचं असतं, आणि ते निरोगी माणसं बिनदिक्कत बोलून दाखवतात.

या नजरेतला काही भाग तर निव्वळ उपासमारीतून येतो. त्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं हे समजून घ्यायचं होतं. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र न धरणारे, स्वेच्छेनं प्रयोगात आलेले, धडधाकट होते. १९४५ साली सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं गेलं आणि त्यांचं वजन साधारण एक चतुर्थांशानं उतरलं. यातल्या कोणाला बारीक व्हायचं नव्हतं. कोणी त्यांना 'जाड्या' म्हटलं नव्हतं. तरी त्यांचे विचार अन्नाभोवतीच फिरू लागले, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटूनपुसून खाऊ लागले. आणि त्यांच्यातल्या काहींना आपण फार वाळलो आहोत असं वाटेनासं झालं. उलट बाकीचे लोकच वाजवीपेक्षा जाड दिसू लागले. पुरुष, तेही निरोगी मनाचे, केवळ उपासमारीनं इथवर पोचले. तेव्हा आजारी मुलीशी 'तू जाड नाहीस' असा वाद घालून काही हाती लागत नाही, याचं एक कारण हे आहे. उपाशी मेंदूला वादानं समजावता येत नाही. त्याला आधी अन्न लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली लागतं, कारण फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणंही जिवावर बेतू शकतं.

पाककृती जमवणाऱ्या त्या पुरुषांवरून आणखी एक गोष्ट आठवते. या आजारात कितीतरी मुली घरच्यांसाठी मन लावून स्वयंपाक करतात, आग्रहानं वाढतात, भावाच्या पानात तूप जास्त सोडतात आणि स्वतः उपाशी राहतात. दुसऱ्याच्या देहाला अन्न हवं हे त्यांना कळतं. स्वतःच्या देहाला ते मिळण्याचा हक्क आहे, एवढंच पटत नाही. आपल्याकडे ही गोष्ट चटकन लक्षातही येत नाही. सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणारी, आठवड्यातले दोन वार उपास धरणारी बाई आपल्याला इतकी ओळखीची आहे की, न जेवता वाढणारी मुलगी आपल्याला 'गुणाची' वाटते. उपास करणारी प्रत्येक बाई आजारी असते असं आम्ही मुळीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच की, बाईनं आपल्या पोटाला सर्वांत शेवटी विचारावं ही शिकवण ज्या घरात मुरलेली आहे, त्या घरात हा आजार बराच काळ लपून राहू शकतो.

मग ही पट्टी तिच्या हातात दिली कोणी? एकच उत्तर देणं खोटं ठरेल. आनुवंशिकतेचा वाटा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी निगडित अशा जनुकांच्या आठ जागा सापडल्या. स्वभावाचा, घरातल्या ताणांचा, लहानपणच्या आघातांचा वाटा असू शकतो. पण आजूबाजूच्या नजरेचाही वाटा आहे. फिजी बेटांवर भरलेला देह हे माया आणि सुबत्ता यांचं लक्षण मानलं जाई. कोणी वाळलं तर सगळं गाव काळजी करी. तिथल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेनं त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन ताब्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी असं करणाऱ्या मुलींचं प्रमाण ११.३ टक्के झालं होतं.

आपल्याकडे हा बदल आपल्या डोळ्यांसमोर झाला. 'अंगानं भरली', 'तब्येत सुधारली' हे कौतुकाचे शब्द होते. आज तेच शब्द ऐकले की मुलीचा चेहरा पडतो. १९९४ साली विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब भारतात आले, १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली. तिथं स्त्री-संघटनांनी निदर्शनं केली ती काही कोणाच्या सौंदर्याच्या द्वेषातून नव्हे. बाईला इंचांत मोजायची पट्टी राष्ट्राच्या अभिमानात गुंडाळून घरोघर पोचवली जाते आहे, हा आक्षेप होता. पण सगळा दोष स्पर्धांवर आणि जाहिरातींवर ढकलून मोकळं होण्यातही अर्थ नाही. 'गोरी, सडपातळ' ही मागणी वधू-वरांच्या जाहिरातींत आपलीच माणसं छापतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला चालायला लावून आपणच बघतो. बाळंतिणीला 'आता हे पोट कधी उतरवणार?' असं आपणच विचारतो. आणि मुलीच्या देखत आरशासमोर उभं राहून 'शी, किती सुटले आहे मी' असं म्हणणारी बाईही आपणच असतो. आजारी मुलगी या सगळ्यातलं एकेक वाक्य उचलते. ते तिच्याबद्दल नसलं तरी उचलते. आपण म्हणतो, 'तुला थोडंच म्हटलं, मी तर तिच्याबद्दल बोलत होते.' पण दुसरीच्या देहाबद्दल आपण काय बोलतो यावरूनच तर ती आपल्या घरातली पट्टी ओळखत असते. इतरांना ती पट्टी लावायचं तिचं धाडस नाही, की तसा तिचा स्वभाव नाही. ती ती गुपचूप स्वतःला लावते.

यात एक सावधगिरी हवी. न खाणारी प्रत्येक मुलगी बारीक होण्यासाठीच खात नसते. १९९५ साली दिल्लीतील मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. जेवायला नकार, सततच्या उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी, हे सगळं होतं; देहाच्या आकाराबद्दलचा विपरीत समज मात्र नव्हता. हाँगकाँगमध्येही असे रुग्ण आढळले. पोट फुगतं, खावंसं वाटत नाही, असं त्या सांगत. तेव्हा 'ती स्वतःला जाड म्हणत नाही, म्हणजे तिला तो आजार नाही' असं समजून गप्प बसणं धोक्याचं आहे. पाश्चात्त्य पुस्तकातली लक्षणं आपल्या मुलीत शब्दशः सापडतीलच असं नाही. पाळी थांबणं ही अट तर अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानाच्या नियमावलीतून काढूनच टाकली आहे.

काही वाचक विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे, की हा आपल्या चळवळीचा विषय आहे का? ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानानं कमी होतं आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, तिथं ताटात वाढलेलं न खाणाऱ्या मुलींची चर्चा कशाला? आमचं म्हणणं असं. या दोन भुका सारख्या नाहीत आणि एकीच्या नावावर दुसरी झाकली जाऊ नये. शेतमजूर बाईला अन्न मिळत नाही हा अन्याय आहे. त्यावर उत्तर रेशनचं, मजुरीचं आणि जमिनीचं आहे. या मुलीची उपासमार आजार आहे. त्यावर उत्तर उपचाराचं आहे. पण दोन्हीकडे एक प्रश्न सामाईक आहे : बाईच्या देहाला किती अन्न लागतं हे ठरवतं कोण? हिल्डे ब्रुख यांनी सांगितलेली 'माझ्या हातात काहीच नाही' ही जाणीव आपल्याला अनोळखी नाही. शिक्षण, लग्न, कपडे, घराबाहेर पडण्याची वेळ, यांतलं काहीच जिच्या हातात नाही, तिच्या हातात तोंडातला घास तेवढा उरतो. त्यावर ती सत्ता चालवते आणि ती सत्ता तिलाच मारते. शिवाय हा आजार फक्त श्रीमंतांचा आहे हेही गृहीत धरू नये. जिथं उपचारच पोचत नाहीत तिथं निदानही होत नाही.

अशा घरातल्या आईबद्दलही बोललं पाहिजे. या आजाराच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आईवर फार दोष ठेवला गेला. नातेवाईक हे अशा रुग्णाची शुश्रूषा करायला सर्वांत अयोग्य, असं मत खुद्द विल्यम गल यांचं होतं. पुढं कित्येक दशकं 'मुलीवर फार सत्ता गाजवणारी आई' हे कारण पुस्तकांतून सांगितलं गेलं. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात उपचारांची वेगळी रीत पुढं आली. आईवडिलांना दोषी न ठरवता मुलीला पुन्हा खातं करण्याच्या कामात त्यांनाच बरोबरीनं घ्यायचं. आज कमी वयाच्या रुग्णांसाठी ही कुटुंबाला सोबत घेणारी पद्धत महत्त्वाची मानली जाते. तेव्हा कोणी 'तुमच्यामुळंच झालं' असं म्हणत असेल, तर ते मनावर घेऊ नका. मदत मागा.

काय करता येईल? पहिलं, तिच्याशी आकाराबद्दल वाद घालू नका. 'किती छान, अंग भरलं तुझं' हे कौतुकही टाळा. बरी होऊ लागलेल्या मुलीच्या कानांना ते 'जाडी झालीस' असंच ऐकू येतं. तिच्या तब्येतीबद्दल बोलायचं तर थंडी वाजते का, चक्कर येते का, झोप लागते का, हे विचारा. दुसरं, इतरांच्या देहाबद्दलही तिच्यासमोर बोलू नका, वाईट नाही आणि चांगलंही नाही. तिसरं, दुसऱ्यांसाठी तिच्याकडे जी माया आहे तिचा आधार घ्या. 'तुझ्या मैत्रिणीनं दोन पोळ्या खाल्ल्या तर तू तिला हे बोलशील का?' हा प्रश्न समुपदेशकही विचारतात. त्यानं एका दिवसात जादू होत नाही. पण ती दोन पट्ट्या वापरते आहे हे तिचं तिला दिसायला त्यातून सुरुवात होऊ शकते. चौथं, वाट पाहू नका. वजन झपाट्यानं उतरत असेल, चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, जेवणाच्या वेळा ती टाळत असेल, तर आधी डॉक्टरांकडून शारीरिक तपासणी आणि मग मानसोपचारतज्ज्ञ, दोन्ही हवेत. तिच्या तोंडून जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर त्याच दिवशी मदत घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच वागवावं असं बंधनही घातलं आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. हा हक्क कागदावर राहू नये यासाठी तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक आहेत का, हे आपल्या गटांनी विचारत राहिलं पाहिजे.

आणि एक काम असं आहे की ज्याला डॉक्टर लागत नाही. येत्या हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला जमाल तेव्हा कोणाच्याही देहाबद्दल एक शब्द बोलायचा नाही असं आपल्या गटात ठरवून पाहा. बारीक झालीस नाही, जाड झालीस नाही, रंग उजळला नाही. वाटतं तितकं ते सोपं नाही, कारण भेटल्यावरचं आपलं निम्मं बोलणं यावरच चालतं. ते थांबवल्यावर एकमेकींशी काय बोलायला उरतं, हे आम्हांला लिहून कळवा. तुमच्या घरात, शाळेत, वसतिगृहात अशी मुलगी असेल किंवा तुम्ही स्वतः या आजारातून गेला असाल, तर तेही लिहा. नाव छापलं जाणार नाही. पत्रांची वाट पाहत आहोत.

— संपादक मंडळ